ड्राफ्टमध्ये पोराच्या घरची चौकशी करावी का? (आइस हॉकी)

बर्फातला_बंड्या

मंडळी, परवा रात्री जागून एनएचएलचा २०२५चा ड्राफ्ट पाहिला. (आमच्याकडे खरं तर संध्याकाळच होती, पण जागून म्हटलं की जरा वजन येतं.)

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी: एनएचएल म्हणजे उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक आइस हॉकी लीग, तिच्यात ३२ संघ आहेत. दरवर्षी जूनच्या शेवटी ते १८च्या आसपासची २२४ पोरं ७ फेऱ्यांत आपसांत वाटून घेतात. लिलाव नाही, बोली नाही. पाळी आली की नाव पुकारायचं. गेल्या मोसमात जो तळाला त्याची पाळी आधी, आणि सगळ्यात वरच्या पाळ्यांसाठी सोडत. यंदा न्यू यॉर्क आयलँडर्सना पहिली पाळी मिळण्याची शक्यता ३.५ टक्के होती. मिळाली!

त्यांनी घेतला मॅथ्यू शेफर. बचावपटू, वय १७. डिसेंबरात कॉलरबोन मोडलं, म्हणून ईरी ऑटर्स या ज्युनिअर संघाकडून मोसमात जेमतेम १७ सामने. तरी पहिला. २०२४च्या फेब्रुवारीत त्याची आई कर्करोगाने गेली. जर्सी हातात आली तर तिच्यावर आईसाठी रिबन शिवलेली. पोराने त्या रिबनचं चुंबन घेतलं आणि आमच्या घरात टिश्यूचा डबा फिरला.

पण मग मला २००३ आठवलं. पॅट्रिक ओ'सलिव्हन नावाचा मुलगा होता. खेळ बघितला तर पहिल्या फेरीत जायला हवा. त्याचा बाप त्याला लहानपणापासून हॉकीच्या नावाखाली बेदम मारायचा. सोळाव्या वर्षी एकदा पोराने उलट हात उचलला, प्रकरण पोलिसांत गेलं, बापाला लांब राहायचा कोर्टाचा हुकूम झाला. ड्राफ्टच्या दिवशी संघ एकामागून एक त्याचं नाव गाळत गेले. शेवटी मिनेसोटाने ५६व्या क्रमांकावर घेतला. ज्यांनी गाळला त्यांना खेळ नको होता असं नाही. घरची भानगड नको होती.

म्हणजे आई गेली तर पोरगा खंबीर, आणि बापाने मारलं तर पोरगा भानगडीचा. दोघांनीही मागून घेतलेलं नाही. तर प्रश्न असा की संघांनी घरची चौकशी करावी का? केलीच तर तिचं करायचं काय?

पेन्शनर_पेठकर

शीर्षकातला ड्राफ्ट बघून डिमांड ड्राफ्ट समजलो. बँकेत ३४ वर्षं काढली, क्षमस्व. आता आलोच आहे तर बसतो.

खडकीवाला

हॉकी म्हणजे धनराज पिल्ले. खडकीत वाढलेला. बर्फावर घसरत खेळतात त्याला हॉकी म्हणायचं असेल तर आमची कॅरमला सुद्धा परवानगी आहे.

बाकी प्रश्न चांगला आहे. पण लिलाव का नाही? आपल्या हॉकी इंडिया लीगमध्ये २०२४ला हरमनप्रीतवर ७८ लाखांची बोली लागली. ज्याला हवा त्याने पैसे मोजावेत, विषय संपला.

आकडेमोड

@खडकीवाला, लिलाव केला तर न्यू यॉर्क आणि टोरंटोच सगळी पोरं उचलतील. ड्राफ्टमध्ये पैसा चालत नाही, पाळी चालते. शिवाय नवख्याचा पगारही बांधलेला. २०११ ते २०२१ या काळात ड्राफ्ट झालेल्यांना वर्षाला जास्तीत जास्त ९ लाख २५ हजार डॉलर मूळ पगार, बाकी बोनस. म्हणजे पहिल्या क्रमांकाचा पोरगा पहिली तीन वर्षं संघाला अक्षरशः स्वस्तात पडतो. २००५ पासून संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आली (तेव्हा ३ कोटी ९० लाख डॉलर) आणि तेव्हापासून हे स्वस्त पोरगे म्हणजे सोनं झालं. चौकशा एवढ्या वाढल्या त्या उगाच नाही.

दादर_टीटी

सोडत म्हणजे म्हाडासारखी का? आमचं नाव १९९८ पासून लागलेलं नाही. आम्हाला आयलँडर्समध्ये घ्या.

आकडेमोड

म्हाडापेक्षा बरी, दरवर्षी निघते :)

सोडत का आली तेही सांगतो. १९८४ला मारिओ लेम्यू हा हिरा ड्राफ्टला येणार हे सगळ्यांना माहीत होतं, आणि पिट्सबर्ग त्या मोसमात असं काही हरलं की बघणाऱ्याला लाज वाटावी. लेम्यू मिळाला. पुढे १९९२-९३ला ओटावावर तसाच मुद्दाम हरल्याचा संशय आला, बक्षीस होतं अलेक्झांडर डेग. पहिल्या क्रमांकावर गेल्यावर हा गडी म्हणाला की दुसरा कोण होता ते कोणी लक्षात ठेवत नाही. दुसरा होता ख्रिस प्रॉन्गर. तो हॉल ऑफ फेममध्ये आहे. डेग कुठे आहे ते तुम्हीच शोधा. १९९५ पासून सोडत सुरू झाली.

एचआर_काकू

मी कंपनीत माणसं घेते. मुलाखतीत "घरी कोण कोण असतं" इतकं विचारलं तरी आता आम्हाला वरून फोन येतो. आणि इथे १७-१८ वर्षांच्या मुलाला खोलीत आठ-दहा मोठ्या माणसांसमोर बसवून आईबाप, मैत्रीण, दारू सगळं विचारतात? घरची चौकशी अजिबात करू नये. खेळ बघा, गुडघे बघा, सही घ्या.

स्पष्टवक्ता

काकू, तुम्ही माणूस घेतला आणि नाही जमला तर तीन महिन्यांत काढता. इथे पहिल्या फेरीतली पाळी वाया गेली तर संघ चार-पाच वर्षं मागे जातो. एडमंटनने २०१०, २०११, २०१२ अशी लागोपाठ तीन वर्षं पहिली पाळी घेतली: हॉल, न्यूजंट-हॉपकिन्स, याकुपोव्ह. तरी तळाशीच. २०१५ला चौथ्यांदा पहिली पाळी आली आणि मॅकडेव्हिड मिळाला तेव्हा कुठे. एवढं पणाला लागलेलं असताना चौकशी न करणं हा बावळटपणा. मुलगी देताना आपण करत नाही का?

एचआर_काकू

मुलगी देताना चौकशी होते म्हणूनच सांगते, करू नका. आमच्याकडे एका स्थळाने "मुलीच्या मामाला दारूचं व्यसन आहे" म्हणून नकार दिला होता. मामाशी लग्न करायचं होतं का?

पेन्शनर_पेठकर

मामाने सुटकेचा निःश्वास टाकला असणार.

अण्णा_कॅल्गरी

कांदेपोह्यांचा विषय निघालाच आहे तर: ड्राफ्टच्या आधी जूनच्या सुरुवातीला बफेलोत कम्बाइन असतं. तेच यांचे कांदेपोहे. दिवसभर एकेका संघासमोर मुलाखती. मग सायकलवर जीव जाईपर्यंत पेडल मारायचं, उतरून बादलीत ओकायचं. उंची, वजन, पकड, पुल-अप, सगळं मोजतात.

२०१४ला सॅम बेनेट नावाच्या पोराला एकही पुल-अप जमला नाही. शून्य. आठवडाभर चेष्टा चालली होती. आमच्या कॅल्गरीने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतला, मग आम्ही सात वर्षं त्याच्यावर चिडत राहिलो, मग फ्लोरिडाला देऊन टाकला. यंदा याच महिन्यात फ्लोरिडाने स्टॅनली कप (एनएचएलचं विजेतेपद) जिंकला आणि प्लेऑफमधला (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांतला) सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्माइथ करंडक कोणाला? शून्य पुल-अपवाल्याला. मी त्या रात्री जेवलो नाही.

आणि बंड्या, कॅल्गरीचंच दुसरं नाव घेतो. थिओ फ्ल्युरी. उंची साडेपाच फूट, म्हणून १९८७ला आठव्या फेरीत १६६वा. त्याचं सगळं कोवळं वय एका प्रशिक्षकाच्या अत्याचारात गेलं होतं, हे त्याने २००९ साली सांगितलं, बावीस वर्षांनी. ड्राफ्टच्या चौकशीत त्यातलं काय कळलं? फक्त उंची.

लातूरकर

हॉकीतलं काही कळत नाही, पण धागा सोडवेना. ही पोरं १६व्या वर्षी घर सोडतात असं कुठेतरी वाचलं. खरं का? आमच्या लातुरात दहावी झाली की गावोगावची पोरं येतात, एका खोलीत चार कॉट, मेस, क्लास, टेस्ट सिरीज. नंबर आला की घरचे पेढे वाटतात, नाही आला की पोरगं मेसला यायचं बंद होतं. मी १९ वर्षं मेस चालवतो. ताट न घेता परत जाणारं पोरगं मला चेहऱ्यावरून ओळखू येतं. क्लासवाल्याला येत नाही.

मिसिसागाची_माई

@लातूरकर, खरं आहे. इथे ज्युनिअर लीगचाही ड्राफ्ट असतो, पोरं तेव्हा १५-१६ची असतात. ज्या गावचा संघ निवडेल तिथे जायचं. बिलेट म्हणून गावातलं एक कुटुंब पोराला घरी ठेवून घेतं. जेवण, शाळा, सगळं तिकडे. आठ तासांवरच्या गावाला सुद्धा. बहुतेक बिलेट माणसं देवासारखी असतात असं ऐकते.

माझा मुलगा खेळतो. पुढच्या वर्षी त्याचं नाव त्या ड्राफ्टला असेल. सकाळी साडेपाचला रिंकवर गोठत बसलेल्या आयांमध्ये नऊवारीचं जाकीट करून बसलेली मी एकटीच.

तुमची ताटाची गोष्ट वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही.

आकडेमोड

बंड्याच्या प्रश्नाला एकच ड्राफ्ट घेऊन उत्तर देतो: २००५. सविस्तर लिहितोय, चहा घेऊन बसा.

त्या वर्षी मालकांच्या टाळेबंदीत अख्खा मोसम बुडाला होता. गुणतक्ताच नाही, तर तळाचा कोण? म्हणून ३०च्या ३० संघांची सोडत काढली. ओटावातल्या एका हॉटेलात ड्राफ्ट झाला. पहिला सिडनी क्रॉस्बी, पिट्सबर्गला. त्याच्याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं. गंमत पुढच्या चौघांत आहे.

दुसरा बॉबी रायन. हे त्याचं जन्मनाव नव्हे. बापाने आईला इतकं मारलं की त्याच्यावर खटला झाला. तो जामिनावर असताना फरार झाला, पुढे बायको-मुलगाही त्याच्याकडे गेले आणि हे कुटुंब न्यू जर्सीहून कॅलिफोर्नियात खोट्या आडनावाने राहिलं. पोरगा दहा-अकरा वर्षांचा होता. हे सगळं ड्राफ्टच्या वेळी ठाऊक होतं. तरी अनाहाइमने दुसरा घेतला. पोरगा चांगला खेळला, सलग चार मोसम ३०च्या वर गोल. दारू मागे लागली ती पुढे. नोव्हेंबर २०१९ला ओटावाकडून खेळत असताना त्याने स्वतः मदत मागितली. २७ फेब्रुवारी २०२०ला परतल्यावर घरच्या रिंकवर पहिल्याच सामन्यात तीन गोल. बाकावर बसून रडत होता आणि अख्खं मैदान उभं.

तिसरा जॅक जॉन्सन. याच्या घरची चौकशी केली असती तर शेरा मिळाला असता "उत्तम, आईवडील सोबत". त्याने आईला पैशांचं मुखत्यारपत्र दिलं. आईवडिलांनी त्याच्या पुढच्या पगारांवर कर्जं काढली, दीड कोटी डॉलरच्या आसपास. २०१४ला कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. कोट्यवधी कमावणारा माणूस. चांगलं घराणं!

चौथा बेन्वा पुलिओ. त्याच्याबद्दल मला काही सांगायचं नाही, मिनेसोटालाही नसावं.

पाचवा कॅरी प्राइस, गोलकीपर, माँट्रियाल. त्यावर तेव्हा केवढा गदारोळ. माँट्रियालकडे जोसे थिओडोर होता, २००२चा हार्ट करंडकवाला (मोसमातला सर्वात मोलाचा खेळाडू). मग गोलकीपर कशाला? हाच ड्राफ्टमधला जुना वाद: संघाला जे हवं ते घ्यायचं की समोर जो सगळ्यात चांगला तो? माँट्रियालने चांगला घेतला. वर्षभरात थिओडोर गेला, आणि २०१५ला प्राइसने हार्ट आणि व्हेझिना (सर्वोत्तम गोलकीपरचा करंडक) दोन्ही आणले. लहानपणी कॅनडातल्या अनाहिम लेक गावाहून सराव ३०० किलोमीटरवर, म्हणून बापाने छोटं विमान घेऊन पोराला उडवत नेलं. एवढं प्रेमाचं घर. २०२१ला संघाला अंतिम फेरीपर्यंत नेलं आणि काही महिन्यांत तोच प्राइस खेळाडूंच्या मदत योजनेत दाखल झाला, व्यसनासाठी. त्याने स्वतः लिहून कळवलं.

आता सांगा, पहिल्या पाचांत तिघं. एकाचं घर मोडलेलं, एकाचं वरून छान, एकाचं आतूनही छान. चौकशीने यातलं नेमकं काय ओळखलं असतं?

दादर_टीटी

दंडवत. चहा तीनदा गरम केला.

सुमेधा_के

एक राहिलं. त्याच २००५चा शेवटचा, २३०वा: पॅट्रिक हॉर्नक्विस्ट, नॅशव्हिलने घेतलेला. २०१७च्या अंतिम मालिकेत सहाव्या सामन्यात दीड मिनिट उरलेलं असताना कप जिंकून देणारा गोल त्याचा. पिट्सबर्गकडून. समोर नॅशव्हिल. नॅशव्हिलच्याच रिंकवर.

आणि लॉस एंजलिसने त्याच ड्राफ्टमध्ये ११वा कोपिटार (स्लोव्हेनियाचा, तिथला कोणी एनएचएलमध्ये खेळलेलाच नव्हता तोवर) आणि ७२वा जोनाथन क्विक घेतला. दोन कप, २०१२ आणि २०१४. डावपेच म्हणाल तर हा डावपेच: इतर जिकडे बघत नाहीत तिकडे माणूस पाठवून ठेवणे. डेट्रॉइटने स्वीडनमधल्या एका स्काउटच्या (खेळाडू हेरणाऱ्याच्या) भरवशावर दात्स्युक १७१वा आणि झेटरबर्ग २१०वा उचलला.

पेन्शनर_पेठकर

जिकडे कोणी बघत नाही तिकडे म्हणजे लडाखला पाठवा. तिथे तळी गोठली की सगळा गाव खेळतो.

सुमेधा_के

काका, चेष्टेत म्हणालात, पण आपल्या मुलींच्या संघाने नुकतंच आशिया चषकात कांस्य आणलंय, बहुतेक मुली लडाखच्या.

आणि कोणी बघत नाही तिथला कळस हवा असेल तर: १९७४ला बफेलो संघाचे व्यवस्थापक 'पंच' इम्लॅक (पंच हे टोपणनाव) त्या रटाळ, टेलिफोनवरच्या ड्राफ्टला इतके वैतागले की त्यांनी १८३व्या क्रमांकावर तारो त्सुजिमोतो हा जपानी खेळाडू घेतला. लीगने नाव नोंदवलं. वर्तमानपत्रात छापून आलं. असा माणूसच नव्हता.

खडकीवाला

हाच एक खेळाडू ज्याच्या घरची काही अडचण नाही.

डॉ_निरुपद्रवी

व्यवसायाने मानसोपचारतज्ज्ञ आहे, म्हणून फक्त माझ्या अंगणापुरतं बोलतो.

अठराव्या वर्षीच्या अर्ध्या तासाच्या मुलाखतीवरून पुढच्या दहा वर्षांत कोणाला नैराश्य येईल, कोण व्यसनात जाईल हे मला सांगता येणार नाही. माझ्या कोणत्याही प्रामाणिक सहकाऱ्याला येणार नाही. बरेच आजार विशी-पंचविशीतच पहिल्यांदा डोकं वर काढतात. म्हणजे ज्या वयात चौकशी होते तेव्हा दाखवायला काही नसतंच. आणि ज्याला आधीच त्रास होतोय तो मुलाखतीत शिकवल्यासारखं "सगळं छान आहे" म्हणतो. चौकशीतून कळतं ते एवढंच की कोणाला लपवता येतं.

रॉबिन लेनरचं उदाहरण बघा. गोलकीपर. २०१८ला सामन्याच्या मध्येच पॅनिक अटॅक आला, मग उपचार, मग बायपोलर असल्याचं निदान. वर्षानुवर्षं व्यसनाखाली ते झाकलेलं होतं. पुढच्याच मोसमात आयलँडर्सकडून कारकिर्दीतला सर्वात चांगला खेळ आणि मास्टरटन करंडक (जिद्दीसाठी देतात तो). बक्षीस घेताना त्याने सांगितलं की मला मानसिक आजार आहे, पण म्हणून मी मनाने दुबळा नाही. माझ्या खोलीत येणाऱ्या कित्येकांना हे वाक्य मी मराठीत सांगतो.

स्पष्टवक्ता

डॉक्टरांचं मान्य. पण एक सोडू नका. २०२०ला ॲरिझोनाने चौथ्या फेरीत असा मुलगा घेतला ज्याने शाळेत एका अपंग वर्गमित्राचा वर्षानुवर्षं छळ केला होता, प्रकरण बालन्यायालयात गेलं होतं. संघाला हे आधी ठाऊक होतं. बातमी फुटल्यावर हक्क सोडून दिला. दोन वर्षांनी बोस्टनने त्याच्याशी करार केला आणि दोन दिवसांत माघार घेतली. ही चौकशी करायला नको होती का काकू?

एचआर_काकू

करायलाच हवी. पण ती "तू कोणाचं काय केलंस" ही चौकशी. ओ'सलिव्हनची होती "तुझं कोणी काय केलं" ही. दोन्हींना एकच फाइल लावतात हाच माझा राग आहे.

स्पष्टवक्ता

हे मात्र पटलं. लिहून ठेवा, मला फारसं काही पटत नाही.

बर्फातला_बंड्या

काकूंनी माझा धागा माझ्यापेक्षा चांगला मांडला.

यात आणखी एक बाजू राहतेय. संघ पोराच्या घराची चौकशी करतो. पोराने संघाची चौकशी कोणाकडे करायची? लग्नात निदान दोन्हीकडून होते. काइल बीच, २००८चा ११वा, शिकागोने घेतलेला. २०१०ला संघाच्याच व्हिडिओ प्रशिक्षकाने त्याच्यावर लैंगिक अत्याचार केला. वरच्यांच्या कानावर गेलं, पण प्लेऑफ चालू होता. कप जिंकेपर्यंत कोणी हलला नाही. बीचने २०२१ला नाव उघड करून हे सांगितलं. लीगने संघाला २० लाख डॉलर दंड केला. बीच एनएचएलमध्ये एकही सामना खेळला नाही. ड्राफ्ट म्हटला की हक्क संघाचा, पोराने नाही म्हणायची सोयच नाही.

आकडेमोड

नाही म्हणणारा एक निघाला होता. एरिक लिंड्रॉस, १९९१. क्यूबेकने पहिला घेतला, त्याने जर्सी अंगात घातली नाही आणि वर्षभर त्यांच्याकडे खेळला नाही. १९९२ला क्यूबेकने त्याला दोन संघांना एकदमच विकला (हो, दोघांना! लवादाने निकाल दिला फिलाडेल्फियाच्या बाजूने). मोबदल्यात फोर्सबर्गसकट पाच-सहा खेळाडू, दोन पाळ्या आणि दीड कोटी डॉलर. संघ पुढे कोलोरॅडोला गेला आणि १९९६ला कप जिंकला. पण त्यासाठी लिंड्रॉस असावं लागतं. ५६व्या क्रमांकाचा पोरगा नाही म्हणाला तर त्याला फोनही येत नाही.

अण्णा_कॅल्गरी

आणि २०२व्याचं काय? डेरेक बूगार्ड, २००१, सातवी फेरी. साडेसहा फुटांवर उंच, घेतला तो मारामारीसाठीच. २७७ सामने, ३ गोल. बाकी ठोसे. मे २०११ला वेदनाशामक गोळ्या आणि दारू यांनी गेला, वय २८. मेंदू तपासला तर वारंवारच्या माराने खराब झालेला. त्याच उन्हाळ्यात रिक रायपियन आणि वेड बेलॅक गेले, दोघंही तसेच मारामारी करणारे. बूगार्डची चौकशी ड्राफ्टच्या वेळी एकाच गोष्टीची झाली होती, वजनाची.

मी त्या काळी स्टँडमध्ये उभा राहून "मार, मार" ओरडायचो. बेनेटवर चिडलो त्यापेक्षा ते जास्त लागतं आता.

मिसिसागाची_माई

तीन दिवस लिहू की नको करत होते.

गेल्या महिन्यात एका ज्युनिअर संघाकडून प्रश्नावली आली. उंची, वजन, कोणता हात, शाळेतले गुण. खाली एक रकाना: घरातल्या किंवा आरोग्याच्या अशा काही गोष्टी ज्या आम्हाला माहीत असाव्यात? माझ्या मुलाला गेल्या हिवाळ्यात सामन्याआधी श्वास लागायचा, हात थरथरायचे. रिंकच्या बाहेर गाडीत बसून राहायचा. आता समुपदेशकाकडे जातो, बरं आहे. ह्यांचं म्हणणं लिहायचं नाही. त्याच्या प्रशिक्षकांना विचारलं तर ते हळूच म्हणाले, रिकामं सोडा.

रिकामं सोडलं. मग इथे बंड्याचा धागा आला.

डॉ_निरुपद्रवी

माई, रिकामं सोडलंत ते बरोबर केलंत. तो तुमच्या मुलाचा वैद्यकीय तपशील आहे, तो कोणाला द्यायचा हे त्याने आणि तुम्ही ठरवायचं. निवड झाली, बिलेट घर ठरलं की त्या घरच्या माणसाला आणि संघाच्या डॉक्टरला सांगा. तेव्हा ते उपयोगाचं. आता नुसतं मापात टाकायला.

स्पष्टवक्ता

मी इथे इतका वेळ चौकशी करा, चौकशी करा म्हणतोय. माई, तुम्ही रिकामं सोडलंत, छान केलंत.

लातूरकर

ताई, पोराला समुपदेशकाकडे नेता म्हणजे निम्मं काम झालं. आमच्याकडे तेच घडत नाही. जिथे जाईल तिथल्या घरात एवढंच विचारा, जेवताना सोबत कोणी बसतं का.

सुमेधा_के

जोनाथन ड्रुआंचं नाव सांगा मुलाला. २०१३चा तिसरा. माँट्रियालमध्ये २०२१ला चिंता आणि निद्रानाश यांमुळे मोसम अर्धवट सोडला, पुढे सगळं उघड बोलला. २०२३ला कोलोरॅडोने घेतला. तिथे ज्युनिअरमधला जुना जोडीदार नेथन मॅकिनन होता, त्याच २०१३चा पहिला. पहिल्याच मोसमात ड्रुआंचे ५६ गुण, तोवरचे सर्वाधिक.

दादर_टीटी

आणि ओ'सलिव्हनचं पुढे काय झालं ते कोणीच सांगितलं नाही. बंड्या?

बर्फातला_बंड्या

विसरलोच. २००४च्या ज्युनिअर विश्वविजेतेपदाच्या अंतिम सामन्यात कॅनडाच्या गोलकीपरने पक (चेंडूऐवजी असते ती रबरी चकती) बाहेर काढायला मारला, तो त्याच्याच खेळाडूला लागून स्वतःच्या जाळ्यात गेला. जवळचा अमेरिकन म्हणून गोल ओ'सलिव्हनच्या नावावर. अमेरिकेचं पहिलं सुवर्ण. तो एनएचएलमध्ये ३३४ सामने खेळला. नंतर आपल्या बापाबद्दल पुस्तक लिहिलं, आणि रिंकवर पालकांकडून मार खाणाऱ्या पोरांविषयी बोलत फिरतो.

मिसिसागाची_माई

सगळ्यांचे आभार. मुलाला मराठी वाचता येत नाही, म्हणून मी मोठ्याने वाचून दाखवलं, इंग्रजी करत करत. ड्रुआंचं माहीत होतं म्हणाला. लातूरच्या मेसचं दोनदा वाचायला लावलं.

शून्य पुल-अपवाल्यावर खूप हसला. मग तळघरात गेला, दाराला बार लावलाय तिकडे. चार मारले म्हणे. मी मोजायला गेले नाही.

अण्णा_कॅल्गरी

चार म्हणजे बेनेटपेक्षा चार जास्त. कॅल्गरीला कळवू का?